एक्केचाळिसावा बिल्ला

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चार नंबरच्या कोठीतून चाळिसावा माणूस बाहेर आला, खिडकीतून आपला बिल्ला घेऊन गेला, आणि फळीवर एक बिल्ला उरला.

खिडकीवालीने आधी वही पाहिली. आत गेलेले चाळीस, बाहेर आलेले चाळीस. मग फळी पाहिली. फळीला चाळीस खिळे, त्यातले एकोणचाळीस रिकामे. चाळिसाव्या खिळ्यावर बिल्ला होता, आणि चाळीस नंबरचा माणूस तर आत्ताच आपला बिल्ला घेऊन खोकत खोकत गेला होता. म्हणजे हा त्याच्या खाली होता. सकाळी एका खिळ्यावर दोन बिल्ले अडकवले गेले होते. अडकवणारा हात तिचाच, कारण फळीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे.

तिने तो काढला. बाकीचे बिल्ले पत्र्याचे, पातळ, यंत्रावर छापलेले. हा पितळेचा होता, जड, कडेने हिरवा पडलेला. आकडा हाताने ठोकलेला, जरा तिरपा. एक्केचाळीस.

कंपनीत एक्केचाळीस नंबर कोणाचाच नव्हता.

हे शीतगृह सफरचंदांचं होतं. कोठीत शिरणाऱ्याने आपला बिल्ला खिडकीत द्यायचा, बाहेर पडताना परत घ्यायचा, आणि फळी रिकामी झाल्याशिवाय दार लावायचं नाही, एवढाच नियम. तो दारावर लाल रंगात लिहिलेला होता. एरवी दार चुकून लागलंच तर माणूस फार तर कुडकुडतो. पण हंगामाच्या शेवटी कोठी छतापर्यंत भरली की दाराच्या फटी लेप लावून बुजवतात आणि आत नायट्रोजन सोडतात. आतली हवा निघून जाते. सफरचंदं चार महिने झोपतात. माणूस आत राहिला तर तोही झोपतो, फक्त उठत नाही.

आज चार नंबर भरली होती. तीन वाजता गॅसवाला नळी जोडणार होता.

खिडकीवाली अकरा वर्षं त्या खिडकीमागे बसत होती. खिडकी कोण्या शहाण्याने कंबरेच्या उंचीवर पाडलेली. आत बुटक्या स्टुलावर बसलं की बाहेरच्यांचे फक्त हात दिसत, कोपरापासून खाली. बाहेरच्यांनाही तिचे तेवढेच. तिला सगळ्यांचे हात पाठ होते. सोळा नंबरच्या अंगठ्याला नख नव्हतं, सव्वीस नंबरवाली हातावर हिशेबासारखं काही ना काही लिहून आणायची, नऊ नंबर नेहमी आधी बोटं मोडायचा. चेहरे तिला ओळखता येत नसत आणि तिचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नसे. एकदा खुद्द मॅनेजर तिला रस्त्यात भेटले आणि "मावशी, जरा सरका," म्हणून पुढे गेले. ती सरकली.

तिला स्वतःला बिल्ला नव्हता. ती आत जातच नाही, तर तिला कशाला?

पण तिची एक सवय होती, आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती. बिल्ला खिळ्यावर अडकवताना ती त्या हाताच्या मालकाचं नाव घेऊन ओठातल्या ओठात म्हणे, "प्रभू, ह्याला बाहेर आण." परत देताना, "आणलास." नवा माणूस असला, नाव ठाऊक नसलं, तर, "हा जो कोणी आहे, ह्याला बाहेर आण." ही सवय तिला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी लावली होती. तिच्या आधी तीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसत.

"खुंटी लहानच असते गं," ते म्हणायचे, "पण लोक तिच्यावर लटकलेले असतात."

मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि खुंटीचा विषय ह्याच आठवड्यात पुन्हा निघाला होता. महिन्याच्या एक तारखेपासून दाराशी यंत्र बसणार होतं. बिल्ला टेकवला की माणूस मोजला. ही बातमी तिला मुकादमाने सांगितली, जो तिचा धाकटा दीर होता आणि ज्याच्या शब्दावरच नवरा गेल्यावर तिला ही जागा मिळाली होती. "साहेब म्हणाले, वहिनी, तुमच्या जागी खुंटी ठोकली असती तरी चाललं असतं इतकी वर्षं," असं तो हसत हसत म्हणाला. त्याला वाटलं, तीही हसेल.

रविवारी उपासनेला ती नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसली. पाळक हरवलेल्या मेंढराबद्दल बोलत होते. शंभरातलं एक हरवलं आणि मेंढपाळ बाकीची सोडून निघाला. तिच्या मनात आलं, एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? कोणी तरी आधी मोजली असतील ना. त्या मोजणाऱ्याचं पुढे काही येत नाही. तिने डोळे मिटून एवढंच मागितलं, "मी कशासाठी आहे तेवढं सांग. मोठं काही नको."

आणि आज गुरुवार होता.

सव्वादोनला तिने मुकादमाला बोलावलं.

"भावोजी, एक जास्त आहे."

"काय जास्त आहे?"

"बिल्ला. कोणी तरी आत आहे."

मुकादमाचा फक्त हात दिसत होता, मनगटावर घड्याळ. हात खिडकीच्या कडेवर टकटक करू लागला. "वहिनी, कोणी तरी तुमची गंमत केली असेल. सव्वीस नंबरवालीला दुसरं काम काय?"

"गंमत असू दे. आत बघा."

त्याने सगळ्यांना अंगणात उभं केलं. पॅकिंगमधली सगळ्यांत जुनी बाई, जिला तिच्या आवाजामुळे सगळे नगारा म्हणत, मोजणीला लागली. तिचा आवाज खिडकीपर्यंत येत होता. "सदतीस, अडतीस, अरे हल नको रे, पोटाने दोनदा मोजला जाशील, एकोणचाळीस, चाळीस. भरले. मुकादम, चाळीस. तुम्ही धरून एक्केचाळीस, पण तुम्हाला आम्ही माणसांत धरत नाही."

लोक हसले. मुकादम चार जणांना घेऊन, टॉर्च लावून, कोठीत गेला.

खिडकीवाली बिल्ला मुठीत धरून बसली आणि सकाळ आठवू लागली. सकाळी रांग होती, घाई होती. वहीत चाळीस चौकटी छापलेल्या, नंबर पाहून खूण करायची. एक्केचाळिसाव्याला चौकटच नव्हती, म्हणून खूण राहिली असणार. पण तिने प्रार्थना केली होती. ते तिला आता स्पष्ट आठवलं. रांगेच्या शेवटी एक हात आला, तिने खाली वहीत पाहत पाहत बिल्ला घेतला आणि म्हणाली, "हा जो कोणी आहे, ह्याला बाहेर आण." पुन्हा वहीत घातलेली मान वर करेपर्यंत हात गेला होता.

आणि तो हात गार होता.

तिच्या अंगावर काटा आला तो इथे. आत जाणारे हात गरम असतात. चहाच्या कपाचे, खिशातले, एकमेकांना टाळी देऊन आलेले. बाहेर येणारे हात गार असतात. अकरा वर्षांत ह्याला अपवाद नव्हता. तो हात आत जायच्या आधीच गार होता, चार तास कोठीत राहिलेल्या माणसासारखा.

दोन चाळीसला मुकादम बाहेर आला. "कोणी नाही. कोपरा न् कोपरा पाहिला. लावा दार."

"शेवटची ओळ पाहिलीत?"

"शेवटच्या ओळीमागे माणूस शिरतच नाही वहिनी, वीतभर फट आहे. आम्ही हाका मारल्या. लावा आता, गॅसवाला नळी घेऊन उभा आहे."

खिडकीतून हात बाहेर काढून तिने बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला.

टकटक थांबली. हात तसाच उघडा राहिला.

"हा तुम्हाला कुठे मिळाला?"

"खिळ्यावर."

मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने अकरा वर्षांत केली नव्हती. तो वाकला आणि खिडकीतून त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हा बाबांचा आहे," तो हळू म्हणाला. "म्हणजे बाबांचा नाही, बाबांच्या कोटाच्या खिशात असायचा. मरेपर्यंत. मी स्वतःच्या हाताने पुन्हा त्याच खिशात ठेवला, वहिनी. पेटीचं झाकण लावायच्या आधी. तुम्ही तिकडे फुलं लावत होतात."

"कोणाचा होता?"

मुकादमाने मागे वळून पाहिलं. गॅसवाला लांब उभा राहून कान कोरत होता. मुकादमाने आवाज आणखी खाली आणला.

"मी तेरा वर्षांचा होतो. तेव्हा फळीला एक्केचाळीस खिळे होते. असाच हंगामाचा शेवट, दार लावायची वेळ, आणि एक बिल्ला राहिला. बाबा म्हणाले, माणूस आत आहे. त्या वेळचे साहेब म्हणाले, हंगामी माणूस आहे, बिल्ला टाकून घरी पळाला असेल. हंगामी लोक पळतातच. बाबांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. दार लावलं."

"मग?"

"मग काय? चार महिन्यांनी उघडलं."

खिडकीवालीने फळीकडे पाहिलं. चाळिसाव्या खिळ्याच्या पुढे लाकडाला लांबी भरून बुजवलेला एक ठिपका होता. तो ती रोज पाहत आली होती. तिला वाटे, लाकडाची गाठ असेल.

"नाव काय होतं त्याचं?"

"हंगामी लोकांची नावं कोण लिहितं? बाबांनी पुढे खूप विचारलं म्हणे. गावोगाव. कोणाला ठाऊक नव्हतं." त्याने बिल्ला खिडकीच्या कडेवर ठेवला, चटका बसल्यासारखा. "वहिनी, हात जोडतो. दार लावा आणि विषय संपवा. आत कोणी नाही. असलं तरी आता तो माणूस... लावा."

"तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय," ती म्हणाली.

ती स्टुलावरून उठली. उभी राहिल्यावर ती मुकादमाच्या खांद्यालाही लागत नसे. लहानपणी तिला घरात चिमुरडी म्हणत, आणि पन्नाशीतही ते खोटं नव्हतं. तिने खिडकीमागच्या खोलीचं दार उघडलं आणि मुकादमाला आत घेतलं.

"बसा इथे. मी येईपर्यंत उठायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही."

"तुम्ही कुठे निघालात?"

"वीतभर फट म्हणालात ना? मीही वीतभरच आहे."

तिला बिल्ला नव्हता. तिने पदराला बांधलेली घराची किल्ली सोडली आणि पहिल्या खिळ्यावर अडकवली. मुकादम बापाच्या स्टुलावर बसला. त्याला आता बाहेरचं जग कंबरेपासून खाली दिसत होतं.

कोठीत ती पहिल्यांदाच जात होती. दारातून आत पाऊल टाकताच आवाज बदलला. यंत्रं बंद होती, पंखे बंद होते, आणि तरी दिव्याखाली धुक्याचा पट्टा हळूहळू सरकत होता, कोणी नुकतंच तिथून चालून गेल्यासारखा. दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या छतापर्यंत. लाखभर सफरचंदांचा वास, गोड आणि किंचित कुबट. एवढ्या उंचीखाली तिला आपण चिलटाएवढे आहोत असं वाटलं. भीती वाटायला हवी होती ती वाटलीही, पण तिच्या जोडीला एक ओळखीची गोष्टही होती. लहान असणं तिला नवीन नव्हतं. त्यात तिचा हात कोणी धरला नसता.

तिने पावलं मोजली. सवयच. विसाव्या पावलाला ती थांबली. एक पाऊल जास्त वाजलं.

ती मागे वळली नाही.

शेवटच्या ओळीपाशी फट खरंच वीतभर होती. तिने पदर खोचला, श्वास सोडला आणि आडवी होऊन आत शिरली. एका बाजूला पेट्यांच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला भिंत. भिंतीवर सगळीकडे दवाचा ओला, पांढुरका थर होता. तिच्या गालाला तो लागत होता. दहा-बारा हात आत गेल्यावर गालाला काही लागेना. तिने मुकादमाकडून घेतलेला टॉर्च खाली धरला. एका जागी भिंत कोरडी होती. जमिनीपासून कमरेपर्यंत, बसलेल्या माणसाच्या पाठीएवढी.

ती तिथे किती वेळ उभी होती हे सांगता येत नाही. वर फक्त ओल होती, मागे पेट्या होत्या. कोणी दिसलं नाही. तिला हाक मारायची होती, पण कशी मारायची? नाव नव्हतं. एक्केचाळीस हे काही नाव नव्हे. नाव ठाऊक असणारा एकच होता, आणि त्याला ती रोज चाळीस वेळा त्रास देत होती. त्याने मोजताना कधी कोणाला हंगामी म्हटल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

"हा जो कोणी आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पेट्यांमध्ये मुरून गेला. मग समोरच्या कोरड्या जागेला, घरच्या माणसाला सांगावं तसं, "दार उघडं आहे. मी खिडकीत बसते. तुम्ही या."

ती तशीच आडवी, मागे मागे बाहेर आली. परतताना तिने पावलं मोजली नाहीत.

मुकादम स्टुलावरून हलला नव्हता. त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली. त्याचे ओठ हलल्यासारखे तिला वाटले, पण तिने विचारलं नाही.

तीन वाजून गेले. सव्वातीनला मॅनेजरचा फोन आला. मुकादम ऐकत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "हो साहेब, कळतंय, माल खराब होतो." शेवटी म्हणाला, "तिला घरी नाही पाठवता येणार. फळी रिकामी नाहीये." आणि फोन ठेवला. मग तो पाच मिनिटं हात खिशात घालून उभा राहिला, कारण आपण काय बोललो हे त्याला आत्ता कळत होतं.

"नोकरी गेली का?" तिने विचारलं.

"तुमची की माझी?"

"दोघांची."

"उद्या कळेल. साहेब उद्या सकाळी येतायत."

नगारा खिडकीशी आली, हात कडेवर ठेवून. तिचा आवाज आज नगाऱ्याचा नव्हता. "बाई, आम्ही घरी नाही जात आहोत अजून. काय आहे ते आम्हाला नको सांगूस. पण एकटी बसू नकोस." आणि बाहेरच्या बाकावर बसून तिने सफरचंद खाल्लं, कचाकचा, बराच वेळ.

गॅसवाल्याने सांगितलं, साडेपाचपर्यंत थांबतो, मग माझी गाडी निघते. चार वाजले, पाच वाजले. दार उघडं होतं आणि कोठीतली थंडी व्हरांड्यात पायांपाशी येऊन बसली होती. बिल्ला चाळिसाव्या खिळ्यावर होता. खिडकीवाली खाली वहीत पाहत नव्हती. आज ती खिडकीकडेच पाहत होती.

पाच वाजून वीस मिनिटांनी खिडकीत एक हात आला.

तळहात वर, बोटं किंचित मिटलेली, जसे सगळे मागतात तसा. तरुण माणसाचा हात होता. पेट्या उचलणाऱ्यांना पडतात तसे घट्टे, बोटांच्या मुळाशी. तिच्या पाठ असलेल्या चाळीस हातांपैकी तो नव्हता. मामंजींचाही नव्हता, त्यांचा तिने शंभरात ओळखला असता. तिने खिळ्यावरून बिल्ला काढला आणि त्या तळहातावर ठेवला. ठेवताना तिची बोटं लागली.

हात गरम होता.

"आणलास," ती म्हणाली.

बोटं मिटली आणि हात गेला. ती वाकून पाहीपर्यंत खिडकीबाहेर व्हरांड्याची फरशी होती आणि पलीकडे बाक होता, बाकावर नगारा. नगाऱ्याने नंतर सांगितलं की खिडकीशी कोणी आलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली की तिने त्या वेळी मान खाली घातली होती, का ते सांगता येत नाही. मुकादम आणि गॅसवाला अंगणात होते. त्यांनी फाटकातून कोणी जाताना पाहिलं नाही. फाटक उघडं होतं.

खिडकीवाली दारापाशी गेली, कोठीत डोकावली आणि दोनदा विचारलं, "अजून कोणी?" मग थांबली, आणि तिसऱ्यांदा विचारलं. पाच पंचविसाला दार लावलं. गॅसवाल्याने फटींना लेप लावला, नळी जोडली. मीटरच्या काट्याप्रमाणे आतली हवा नेहमीसारखी उतरली.

त्यानंतर तिने वहीच्या त्या दिवसाच्या पानावर, चाळिसाव्या चौकटीखाली, पट्टी धरून एक चौकट आखली. आत, एक खूण. बाहेर, एक खूण. नावाची जागा मोकळी ठेवली.

पितळेचा बिल्ला कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. दफनभूमीतली मामंजींची जागा मुकादम शुक्रवारी पहाटे पाहून आला. माती जशीच्या तशी आहे, गवतही. सकाळी दहाला मॅनेजर आले, दोघांशी बोलले, आणि निर्णय सोमवारी सांगू म्हणाले. जाताना त्यांनी वही मागितली नाही.

पानाच्या खाली रोज मुकादमाची सही लागते. आकडा चुकला असेल तर तो खोडून, बाजूला सही करून, दुरुस्त करणंही त्याचंच काम. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या पानावर सही झालेली नव्हती. चौकटही खोडलेली नव्हती.